मोरगिरीचं विरजण

आमच्या विभागात एक कोर्स असा आहे की त्यात शिक्षक शिकवत नाहीत. एम.एस्सी.च्या तिसऱ्या सत्रातली मुलं जुलैच्या पहिल्या आठवड्यात एकत्र बसतात आणि विषय, वाचन, पाहुणे, मार्क, सगळं स्वतः ठरवतात. निकम मॅडम मागच्या बाकावर बसून ऐकतात. मध्ये बोलल्या तर त्या दिवशीचा चहा त्यांच्याकडून. पहिल्या वर्षी त्यांनी बारा वेळा चहा पाजला. आता गप्प बसायला शिकल्यात.

मी हणमंत डुबल. कराडबाहेरच्या कृष्णाकाठ विद्यापीठात, जीवशास्त्र विभागात, सव्वीस वर्षं प्रयोगशाळा परिचर आहे. काचसामान धुतो, जिवाणूंचं खाद्य शिजवतो, ते कुकरसारख्या मोठ्या यंत्रात निर्जंतुक करतो. शिक्षण दहावी. पण सव्वीस वर्षं एकाच खोलीत उभं राहिलं की कानावर पडतंच. मुलं मला मामा म्हणतात. माझी बायको शालन २०३९ साली गेली. हे त्यानंतर दोन वर्षांनी झालं. जसं झालं तसं सांगतो.

त्या जुलैत फळ्यावर विषय लिहिणं चाललं होतं. कुणी लिहिलं वार्धक्य, कुणी समुद्रातलं प्लास्टिक. शिवांजली थोरवडे उठली आणि तिनं मोठ्या अक्षरात लिहिलं, दही.

सगळे हसले. मागून एकजण म्हणाला, "पुढच्या सत्रात ताक घेऊ."

"हसा," शिवांजली म्हणाली. "तुमच्यापैकी कुणाच्या घरी या महिन्यात दही लागलं? हात वर करा."

एकही हात वर गेला नाही.

त्या उन्हाळ्यापासून राज्यात दही लागेनासं झालं होतं. दुधात विरजण घालावं, झाकून ठेवावं, सकाळी बघावं तर दूध तसंच पातळ, वर आंबूस वास. डेअऱ्यांची पाकिटं बंद झाली. लग्नाच्या पंगतीतून मठ्ठा गेला. लोक आधी दुधाला नावं ठेवत होते, मग हवेला. खरं कारण विषाणू होतं. माणसाला जसे विषाणू गाठतात तसे जिवाणूंनाही गाठतात. विषाणू जिवाणूच्या आत शिरतो, स्वतःच्या शंभरेक प्रती काढतो आणि जिवाणूला फोडून बाहेर पडतो. डेअरीवाल्यांना हे दुखणं जुनं. एक वाण मेला की ते दुसरा वापरत. पण पंधरा-वीस वर्षांत घरोघरी पाकिटातलं दही आलं, लोकांनी त्याचंच विरजण लावलं, आणि सगळ्या राज्यात जेमतेम दोन वाण उरले. त्या दोघांना मारणारा विषाणू निघाला. त्याला अडवायला कुणी नव्हतं.

पुढचं मला अल्फिया मुजावरनं समजावलं. ती वर्गातली सगळ्यात शांत मुलगी. काचेची नळी धुऊन परत करणारीही तीच एकटी. तिच्याकडे तळहाताएवढं एक यंत्र होतं. त्यात दह्याचा थेंब टाकला की तासाभरात त्यातल्या जिवाणूंची जनुकं वाचून देतं.

"मामा, जिवाणू एखाद्या विषाणूच्या तावडीतून वाचला ना, की तो त्या विषाणूचा एक तुकडा कापून आपल्या जनुकांत ठेवतो. तोच विषाणू परत आला की तुकड्यावरून ओळखतो आणि त्याला कापून टाकतो."

"म्हणजे गुन्हेगाराचा फोटो चौकीत लावतात तसं."

"तसंच. आणि नवा तुकडा कायम रांगेच्या पुढच्या टोकाला लागतो, जुने मागं सरकतात. ही अख्खी रांग पुढच्या पिढ्यांना जाते. त्यामुळं रांग वाचली की विरजणाचा इतिहास क्रमानं कळतो. दोन घरांच्या रांगा मागून सारख्या असतील तर दोन्ही विरजणं मुळात एकाच भांड्यातली. जिथून रांगा वेगळ्या झाल्या, तिथून घरं वेगळी झाली."

मुलांनी ठरवलं की जुनी घरगुती विरजणं गोळा करायची, त्यांच्या रांगा वाचायच्या आणि या विषाणूला तोंड देणारं एखादं सापडतं का बघायचं. एक नियम केला. ज्यानं विरजण दिलं त्यानं वर्गापुढं उभं राहून ते घरात कसं आलं ते सांगायचं, आणि वर्गानं प्रश्न विचारायचे. मग यंत्र काय म्हणतं ते बघायचं. त्यात भलत्या गमती झाल्या. एकीच्या आजीनं शंभर वर्षांचं म्हणून दिलेलं विरजण पाकिटाचं निघालं. आजीला फोन लावला तर म्हणाली, "यंत्र बिघडलंय तुमचं," आणि फोन ठेवला. चाळीस विरजणांतली एकतीस पाकिटाची निघाली.

दुपारी मी डबा खात होतो. भाकरी, मिरचीचा खर्डा आणि दही. अल्फिया दारात थांबली.

"मामा, हे दही?"

"दहीच."

"लागतंय?"

"रोज लागतंय. शालनचं विरजण आहे. ती गेली तरी मी मोडू दिलं नाही."

अर्ध्या तासात अख्खा वर्ग माझ्या डब्याभोवती उभा होता. राहिलेलं दही त्यांनी नळीत भरून नेलं. भाकरी मला कोरडीच खावी लागली.

माझी पाळी आली तेव्हा मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. सव्वीस वर्षांत त्या खोलीत मी पहिल्यांदा फळ्याच्या बाजूला, तोंड वर्गाकडे करून उभा होतो. सांगितलं की शालन पाटण खोऱ्यातल्या मोरगिरीची. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या आईनं स्वच्छ फडकं दह्यात भिजवून, सावलीत वाळवून पिशवीत दिलं होतं. इथं आल्यावर ते कोमट दुधात बुडवलं आणि दुसऱ्या दिवशी दही लागलं. तेव्हापासून ते चालू आहे. शालन गेल्यावर सुतक संपलं त्या दिवशी मी ते भांडं पाहिलं आणि ठरवलं की हे आपण चालू ठेवायचं. दुसरं काही तिचं जिवंत असं घरात उरलं नव्हतं.

कुणी प्रश्न विचारला नाही. निकम मॅडमनी डोळे पुसले आणि त्याबद्दल चहा पाजायला लागेल का म्हणून विचारलं.

चार दिवसांनी निकाल आला. माझ्या दह्यातल्या जिवाणूंवर तो विषाणू सोडला तरी काही होत नव्हतं. मुलांनी ओरडून खोली डोक्यावर घेतली. ठरलं की शनिवारच्या तासाला वाणाचं नाव जाहीर करायचं आणि वाण जिवाणूंच्या राष्ट्रीय संग्रहाकडे पाठवायचा. तिथून सगळ्या डेअऱ्यांना मिळेल. नाव, शालन.

गुरुवारी अल्फिया नळ्या धुण्याच्या निमित्तानं माझ्याकडे आली.

"मामा, तुमच्या कॉलनीतल्या कमलकाकूंनी पण विरजण दिलंय."

"देणारच. शेजारीण आहे आमची."

"त्यांची रांग आणि तुमची रांग एकच आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"मग शालननं दिलं असेल त्यांना."

तिनं नळी ठेवली. "मला पण तेच वाटलं. म्हणून मी काकूंच्या भावाकडून, म्हसवडहून मागवलं. तेही तेच आहे. आणि पाटण खोऱ्यातलं एका दुसऱ्या घरातलं जुनं विरजण आहे आपल्याकडे. त्याच्याशी तुमचं काहीच जुळत नाही. तुमचं दही म्हसवडचं आहे, मामा."

मी हात पुसले.

"मी अजून कुणाला सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "नाव तसंच ठेवलं तर जिवाणूला काय फरक पडणार आहे? दही तर लागेलच."

मी तिला म्हणालो, घरी जाऊन येतो.

कमलवहिनी ओट्यावर मेथी निवडत होत्या. आमच्या भिंतीला भिंत. वीस वर्षं शालनची आणि त्यांची रोज ऊठबस.

"वहिनी, शालनचं विरजण कुठं गेलं?"

त्यांचे हात थांबले. "कोण म्हणालं गेलं म्हणून?"

"यंत्र."

"त्याला दुसरी कामं नाहीत का काही?"

त्यांनी पाटी बाजूला सारली.

"भावजी, चौथ्या दिवशी मी तुमचं स्वयंपाकघर पुसायला आले. सुतकाच्या घरात चूल नाही पेटत, विरजणाकडं कोण बघतंय? तुमचा डबा आमच्या घरून येत होता. भांड्यावर हिरवी बुरशी चढली होती. मी फेकलं, भांडं घासलं आणि माझं विरजण लावून ठेवलं. रिकामं भांडं बघून तुम्हाला कसं वाटेल, एवढाच विचार केला. तेराव्यानंतर तुम्ही ते झाकण उघडलंत आणि म्हणालात, हे तिचं आहे, हे मी चालू ठेवणार. रडत होतात. तेव्हा काय सांगायचं होतं मी?"

"दोन वर्षं, वहिनी! दोन वर्षांत एकदा तरी तोंड उघडायचं. मी रोज ते तिचं म्हणून खातोय. आता अख्ख्या वर्गापुढं तिचं म्हणून सांगितलंय. तुम्ही कोण ठरवणार मला काय सोसेल आणि काय नाही?"

"आणि तुम्ही तनूला सांगितलं होतंत?"

मी म्हणालो, "ते वेगळं होतं. शालननं शपथ घातली होती."

"असेल वेगळं," वहिनी म्हणाल्या आणि मेथीची जुडी परत मांडीवर घेतली.

ते काय होतं ते सांगायला हवं. तनुजा आमची एकुलती एक. चिपळूणला दिली. शालनच्या स्वादुपिंडाला कॅन्सर असल्याचं कळलं तेव्हा तनुजाला सातवा महिना होता आणि डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठू नको म्हणून सांगितलं होतं. शालन म्हणाली, पोरीला कळवायचं नाही. मी कळवलं नाही. तनुजा रोज फोन करायची, आई कशी आहे. मी रोज सांगायचो, बरी आहे. असं अकरा आठवडे. तनुजाची प्रसूती झाली, त्याच्या पाचव्या दिवशी शालन गेली. तनुजाला मी बाळंतपणाच्या आठव्या दिवशी कळवलं. सव्वा महिन्यानं ती आली, तासभर बसली. जाताना म्हणाली, "रोज विचारत होते मी तुम्हाला. रोज." त्यानंतर दिवाळीला जावयाचा फोन येतो. तिचा नाही.

शनिवारी मी परत फळ्याजवळ उभा राहिलो. नाव चुकीचं आहे म्हणालो, आणि कसं ते सांगितलं. सुतकातली बुरशीही सांगितली. या वेळी प्रश्न आले. शिवांजलीनं विचारलं, "मग शालनकाकूंचं विरजण संपलं?"

आठवायला मला वेळ लागला नाही. गुरुवारपासून तेच डोक्यात होतं. तनुजाला पाचवा महिना असताना अन्न जात नव्हतं, नुसता दहीभात जायचा. तेव्हा शालन धडधाकट होती. तिनं तसंच फडकं वाळवून एस.टी.च्या कुरिअरनं चिपळूणला पाठवलं होतं.

"एका घरी असेल," मी म्हणालो. "त्यांनी दिलं तर."

वाणाचं नाव 'कमल, म्हसवड' असं गेलं. वहिनींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नाव लावा, पण माहेरचंच गाव लावा हं. सासरच्यांनी मला ताकसुद्धा धड करता येत नाही म्हणून हिणवलंय." आम्ही दोघंही हसलो. त्यांच्यावरचा राग त्या आठवड्यात कधी गेला ते कळलं नाही.

मी तनुजाला तीन वेळा फोन लावला. तिनं उचलला नाही. रविवारी सकाळची गाडी पकडून कुंभार्ली घाटानं चिपळूणला उतरलो.

दार तिनंच उघडलं. "आत या," म्हणाली. पाणी दिलं. प्रसादराव, आमचे जावई, माझ्याकडे बघून दोन शब्द बोलले आणि नातीला कडेवर घेऊन दुकानात जाऊन येतो म्हणाले. नात मला ओळखत नव्हती. ओळखण्याचं कारणही नव्हतं.

"काय काम काढलंत?" तनुजानं विचारलं.

"आईनं तुला विरजण पाठवलं होतं. ते आहे का अजून?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "दही मागायला आलात?"

"हो."

"दोन वर्षांनी घाट उतरून आलात ते दही मागायला."

"दुसरं काही मागायला तोंड नाही मला."

मग मी तिला सगळं सांगितलं. कोर्स, यंत्र, बुरशी, कमलवहिनी, दोन वर्षं म्हसवडचं दही शालनचं म्हणून खाल्लं ते. ऐकता ऐकता ती एकदम हसली. मी तिचं हसणं विसरलो होतो, अगदी आईसारखं आहे.

"म्हणजे तुम्हाला पण फसवलं."

"हो."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

"हो."

"मग? बरं वाटलं?"

"नाही," मी म्हणालो. "पण तुला वाटलं असेल तेवढं वाईट नाही वाटलं. माझं फक्त दही होतं."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज येत राहिला. चहा करत असेल असं मला वाटलं, पण ती हातात बर्फाचा ट्रे घेऊन आली. त्यात दह्याचे तीन खडे होते.

"मागच्या महिन्यापर्यंत रोज लावत होते. मग इथंही लागेनासं झालं. पेपरात आधी वाचलं होतं म्हणून थोडं गोठवून ठेवलं. एवढंच उरलंय."

मी हात पुढं केला. तिनं ट्रे मागं घेतला.

"तुमच्या हातात नाही देणार. मी घेऊन येईन. जे करायचं ते माझ्यासमोर. आणि मला आधी सगळं सांगायचं, पप्पा. वाईट काय होऊ शकतं, ते पण. बरी आहे, बरी आहे, तसलं मला परत ऐकायचं नाही."

पुढच्या शनिवारी ती बर्फानं भरलेल्या डब्यात ते तीन खडे घेऊन विभागात आली. वर्ग भरला होता. अल्फियानं एका खड्याचा टोकाचा कण घेतला आणि यंत्रात टाकला. तासभर कुणी हललं नाही.

रांग एकतीस तुकड्यांची निघाली. मागचे एकोणीस पाटण खोऱ्यातल्या त्या दुसऱ्या घराशी जसेच्या तसे जुळले.

"मोरगिरीचंच आहे," अल्फिया तनुजाला म्हणाली. "पुढचे बारा तुकडे तुमच्या आईच्या आणि तुमच्या घरातले असणार."

तनुजा स्टुलावर बसली. पण पुढं एक अडचण होती, ती शिवांजलीनं सांगितली. या नव्या विषाणूचा तुकडा त्या रांगेत नव्हता. उघड्या स्वयंपाकघरात ते विरजण एक दिवस टिकलं नसतं. उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये ठेवलं तर कितीही वर्षं राहील, पण कुणाच्या ताटात येणार नाही. दुसरा मार्ग होता. मुद्दाम विषाणू सोडायचा आणि एखादा जिवाणू वाचून तुकडा ठेवतो का ते बघायचं.

त्या कोर्समध्ये प्रत्येक गोष्टीवर मतदान व्हायचं, चहा कुठून आणायचा यावरसुद्धा. शिवांजली म्हणाली, "यावर आपण मत द्यायचं नाही. हे त्यांचं आहे."

तनुजा माझ्याकडे वळली. "काय काय होऊ शकतं, सांगा."

सगळा वर्ग बघत होता. मला तिला धीर द्यायचा होता. होईल गं सगळं नीट, हे शब्द अगदी तोंडात आले होते. ते मी गिळले.

"एक खडा फ्रीझरमध्ये ठेवू. दुसऱ्यापासून निर्जंतुक दुधात वाढवू आणि त्यावर विषाणू सोडू. जवळजवळ सगळे मरतील. दहा लाखांत एखादा वाचला तर वाचतो. तोही तुकडा ठेवेलच असं नाही. ठेवला तरी पुढं त्याचं दही चांगलं लागेल असं नाही. या खोलीत मी यशापेक्षा नासलेलंच जास्त धुतलंय. आणि जमलं नाही तर फ्रीझरमधला खडा राहील, पण तो खाता येणार नाही. एवढंच आहे."

"तिसरा खडा?"

"चुकलो तर परत करायला."

तिनं डब्यातल्या खड्यांकडे बघितलं. "करा," म्हणाली. "आणि रोज मला सांगायचं."

त्या दिवसापासून संध्याकाळी सात वाजता मी तिला फोन करू लागलो. पहिल्या दिवशी सांगितलं, "मेले."

"सगळे?"

"सगळे."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. पाचव्या दिवशी मीच घोळ घातला. दूध जास्त शिजलं आणि खाली लागलं. तो दिवस वाया गेला. हे तिला सांगायचं की नाही असं क्षणभर वाटलं. सांगितलं. ती म्हणाली, "आई असती तर म्हणाली असती, दूध उतू न जाता लागतं कसं?" फोन ठेवायच्या आधी तिनं मी काय जेवलो ते विचारलं.

दुसऱ्या खड्याचं संपलं. तिसरा काढला. अल्फियानं विषाणूचं प्रमाण कमी केलं, कधी दुधाचं तापमान बदललं. मुलांनी वाटून पाळ्या लावल्या. कोर्सचे पंधरा तास संपले, मार्क देऊन झाले, तरी मुलं येत राहिली. एव्हाना म्हसवडचा वाण डेअऱ्यांना पोचला होता आणि बाजारात पाकिटं परत दिसू लागली होती. एका मुलानं हळूच म्हटलं, आता याची कुणाला गरज आहे? शिवांजलीनं त्याला काचसामान धुवायला माझ्याकडे पाठवलं. दोन तास धुतलं त्यानं.

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. राज्याला गरज नव्हती. मी तनुजाला तेही सांगितलं. ती म्हणाली, "राज्याचं राज्य बघेल. उद्या कितवा प्रयत्न?"

"एकोणिसावा."

फोन लांबत गेले. आधी मेले-वाचले एवढंच. मग नातीला दाढा येतायत, कमलवहिनींचा गुडघा दुखतोय, प्रसादरावांची बदली होईल की नाही. शालनबद्दल मात्र दोघंही बोलत नव्हतो. मी काढावं असं मला वाटायचं आणि मी काढत नव्हतो. तीही विचारत नव्हती.

तेविसाव्या प्रयत्नाच्या सकाळी मी झाकण उघडलं आणि नळी तिरकी केली. दूध हललं नाही. परत तिरकी केली. घट्ट होतं, वर पाण्याची बारीक कड होती. मी अल्फियाला हाक मारली. टेबलावर थाप मारली.

तिनं दोनदा वाचलं. मग पुन्हा ताजा विषाणू सोडला. संध्याकाळपर्यंत थांबलो. काही झालं नाही, दही तसंच राहिलं. रांग बत्तीस तुकड्यांची होती. सगळ्यात पुढचा तुकडा या विषाणूचा. शालनला हा विषाणू कधी माहीत नव्हता. ती गेल्यावर जे आलं त्याची ओळख तिच्या विरजणानं ठेवली होती.

मी एक चमचा खाल्लं. प्रयोगशाळेत खायला बंदी आहे. निकम मॅडम समोर उभ्या होत्या, त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. चव शालनच्या दह्याची होती का? खरं सांगायचं तर मला ओळखू आली नाही. दोन वर्षं मी दुसरीच चव तिची म्हणून पाठ केली होती. थोडं आंबट होतं. चांगलं होतं.

सात वाजता फोन केला.

"आज लागलं," मी म्हणालो.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"नक्की?"

"दोनदा वाचलं. परत विषाणू सोडून बघितला. शनिवारी ये, फडकं वाळवून ठेवतो. आता कुठंही लावलं तरी लागेल. तसं अल्फिया म्हणते. पुढचं वर्षभर बघावं लागेल, अजून काही नवीन आलं तर सांगता येत नाही."

"हं," ती म्हणाली. फोन ठेवायची वेळ झाली असं मला वाटलं.

"म्हणजे उद्यापासून सातला फोन नाही तुमचा."

"करतो की. पण सांगायला काय असणार आता?"

"आईचं सांगा. ते अकरा आठवडे." तिचा आवाज सरळ होता, भांडणाचा नव्हता. "पहिला रिपोर्ट कधी आला होता?"

मी खुर्ची ओढून बसलो.

"चौदा मार्चला," मी म्हणालो. "सोमवार होता. ती म्हणाली, आधी घरी जाऊन कपडे वाळत घालू, मग बघू."

"मग?" तनुजा म्हणाली.